के. जी. मधला ‘के’

के. जी. ते पी. जी. ही जोडगोळी आपण किती वेळा ऐकतो! शिक्षणसंस्थांच्या फलकांवर, पुढाऱ्यांच्या भाषणांत, प्रवेशाच्या जाहिरातींत. यातल्या पी. जी. वर आपल्या हॉस्टेलला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चर्चा रंगतात. गेट द्यायची का, एम. टेक. कुठून करायचं, बाहेर जायचं तर कर्ज किती काढायचं. पण के. जी. बद्दल कुणी कधी गंभीरपणे बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. फार तर एखाद्याला साधं इंटिग्रेशन जमलं नाही की आपण म्हणतो, जा बाबा, परत के. जी. त जाऊन बस!

मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात हा विषय कशाला? कारण सांगतो. के. जी. म्हणजे किंडरगार्टन, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जर्मन भाषेत त्याचा अर्थ मुलांची बाग. पण हा शब्द ज्याने बनवला तो माणूस मुळात कोण होता, हे मला सेकंड इयरपर्यंत माहीत नव्हतं. तो जंगलात उमेदवारी केलेला, जमिनीची मोजणी केलेला, आर्किटेक्चर शिकायला निघून मध्येच वाट बदललेला आणि शेवटी खनिजांच्या संग्रहालयात स्फटिक हाताळणारा असा माणूस होता. म्हणजे आपल्याच बिरादरीतला! त्याचं नाव फ्रीड्रिख फ्रोबेल. त्याला जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. आज नर्सरीच्या वर्गात विज्ञान आणि तंत्रज्ञान आणायचं म्हणून सगळीकडे धावपळ चालू आहे. अशा वेळी या माणसाची गोष्ट आपण वाचायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आईविना पोर

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ चा. आजच्या जर्मनीत थुरिंगिया नावाचा डोंगराळ, जंगलांचा भाग आहे. तिथल्या ओबरवाइसबाख या खेड्यात वडील पाद्री होते. बाळ नऊ महिन्यांचं असताना आई वारली. वडिलांच्या मागे आजूबाजूच्या गावांचा व्याप, त्यामुळे घरात या पोराकडे बघायला कोणी नाही. पुढे सावत्र आई आली. आधी तिने जीव लावला, पण स्वतःचं मूल झाल्यावर हा तिला परका झाला. घरामागची बाग आणि भोवतालचं जंगल हेच त्याचे सोबती. दहाव्या वर्षी मामाने त्याला आपल्या घरी, श्टाटइल्मला नेलं. तिथे त्याला शाळा मिळाली, सवंगडी मिळाले आणि प्रेमाने बोलणारं माणूसही मिळालं. लहान वयात मुलाकडे कोणी लक्ष दिलं नाही तर काय होतं आणि दिलं तर काय होतं, हे दोन्ही त्याने स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं.

अभ्यासात तो काही फार चमकला नाही. १७९७ साली, पंधराव्या वर्षी, त्याला एका वनपालाकडे उमेदवारीला ठेवलं. वनपालाने शिकवलं फार थोडं, पण त्याच्याकडे पुस्तकं होती. दोन वर्षं या पोराने झाडं ओळखली, भूमिती वाचली आणि आपलं आपण शिकला. नंतर येना विद्यापीठात गेला. आपल्यापैकी अनेकांना आवडेल असा भाग इथे येतो! तिथे असलेल्या भावाला त्याने पैसे उसने दिले, ते परत मिळेनात, मग याचीच देणी थकली आणि विद्यापीठाच्या कोठडीत त्याला नऊ आठवडे काढावे लागले. डिग्री न घेताच तो घरी आला. १८०२ साली वडील गेले. पुढची तीन वर्षं कारकुनी, जमीनमोजणी, जमीनदारांच्या मालमत्तेचे हिशोब अशी मिळेल ती कामं करत तो फिरला.

१८०५ साली तो फ्रँकफर्टला गेला तो आर्किटेक्ट व्हायचं ठरवून. तिथे अँटोन ग्रूनर नावाच्या मुख्याध्यापकाची ओळख झाली. पेस्तालोत्सी या स्विस शिक्षणतज्ज्ञाच्या पद्धतीने चालणारी त्यांची शाळा होती. ग्रूनरनी त्याला शिक्षक म्हणून घेतलं. वर्गात उभं राहिल्यावर त्याला पहिल्यांदा आपली जागा सापडल्यासारखं वाटलं. लगेच तो स्वित्झर्लंडला इव्हर्दोनला जाऊन पेस्तालोत्सींची शाळा बघून आला आणि पुढे १८०८ ते १८१० अशी दोन वर्षं तीन विद्यार्थ्यांना घेऊन तिथेच राहिला. मुलाला आधी वस्तू बघू द्या, हाताळू द्या, शब्द नंतर, हा पेस्तालोत्सींचा धडा त्याने तिथे घेतला. पण तिथलं शिक्षण त्याला विस्कळीत वाटलं. वस्तू दाखवायच्या हे ठीक, पण कोणत्या वस्तू? कोणत्या क्रमाने? एकीचा दुसरीशी संबंध काय? हे प्रश्न त्याच्या डोक्यात राहिले. त्यांचं उत्तर त्याला कुठल्याही शाळेत मिळालं नाही. ते मिळालं दगडांत.

दगडांच्या सहवासात

१८११ साली तो ग्योटिंगेनला आणि पुढच्या वर्षी बर्लिनला गेला. बर्लिनला तेव्हा क्रिस्टिआन सॅम्युएल वाइस हे खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग फिजिक्समध्ये आपण मिलर इंडायसेस शिकतो. मिलरने ती पद्धत १८३९ साली मांडली. त्याआधी स्फटिकाचं प्रतल अक्षांना कुठे छेदतं यावरून त्याला ओळख देण्याची रीत याच वाइस यांनी घालून दिली होती. स्फटिकांचे अक्षांनुसार गट पाडण्याचं कामही त्यांचंच. असा हा फ्रोबेलचा गुरू!

मध्येच १८१३ साली नेपोलियनविरुद्धचं युद्ध पेटलं. फ्रोबेल स्वयंसेवक म्हणून लुट्सोच्या पथकात गेला. तिथे लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ हे दोन तरुण भेटले आणि त्यांची आयुष्यभराची सोबत झाली. १८१४ साली तो बर्लिनला परतला आणि वाइस यांच्या हाताखाली विद्यापीठाच्या खनिजसंग्रहालयात मदतनीस झाला. काम काय, तर स्फटिक निवडायचे, मांडायचे, त्यांची देखभाल करायची.

आता जरा कल्पना करा. बंद, शांत खोली. समोर शेकडो स्फटिक. खडेमीठ फोडलं तर त्याचे घन होतात. तो घन पुन्हा फोडला तर आणखी छोटे घन. कॅल्साइट फोडलं तर तुकडा कितीही बारीक होवो, तिरक्या चौकोनी बाजूंचाच राहतो. बाहेरचा आकार ही आतल्या रचनेची खूण असते. पूर्णात जो नियम, तोच भागात. हे सगळं फ्रोबेल रोज हाताळत होता. त्याला त्यात नुसतं खनिजशास्त्र दिसलं नाही. दगड, झाड आणि माणूस हे एकाच नियमाने वाढतात, असं त्याच्या मनाने घेतलं. आजचा शास्त्रज्ञ हे जसंच्या तसं मान्य करणार नाही. त्यात देवभक्तीचा आणि त्या काळच्या जर्मन तत्त्वज्ञानाचा वाटा मोठा होता. पण मुलाच्या हातात काय द्यायचं आणि कोणत्या क्रमाने, याचं उत्तर त्याला इथेच गवसलं.

याच सुमारास त्याच्यापुढे स्टॉकहोमला खनिजशास्त्राची जागा चालून आली होती. पक्की नोकरी, मान, पगार. आपल्या भाषेत परदेशातलं प्लेसमेंट! त्याने नकार दिला. झालं असं की त्याचा मोठा भाऊ क्रिस्टोफ १८१३ साली आजारी सैनिकांची सेवा करताना टायफसने गेला होता. त्याची मुलं पोरकी झाली होती. त्यांना शिकवायचं म्हणून १८१६ साली फ्रोबेलने संग्रहालय सोडलं आणि ग्रीसहाइम या खेड्यात शाळा काढली. विद्यार्थी किती? पाच, आणि पाचही पुतणेच!

शाळा आणि ओढाताण

पुढच्या वर्षी शाळा काइलहाउ या गावी हलली. लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ येऊन मिळाले. मुलं डोंगर चढायची, लाकडाचे ठोकळे रचून गावं आणि किल्ले बांधायची, बागेत राबायची आणि अभ्यासही करायची. १८१८ साली फ्रोबेलने हेन्रिएट या बर्लिनच्या सुशिक्षित बाईशी लग्न केलं. १८२६ साली मानवाच्या शिक्षणावरचं त्याचं मोठं पुस्तक आलं. शाळेत साठाच्या आसपास मुलं झाली होती. मग वाऱ्याची दिशा बदलली. सरकारला या शाळेत बंडखोर विचारांचा वास येऊ लागला, पालकांनी मुलं काढून घेतली आणि १८२९ पर्यंत हातावर मोजण्याइतकीच राहिली. कर्जं तर होतीच. पैशाचा हिशोब हा फ्रोबेलचा कायमचा बॅकलॉग!

१८३१ साली तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे शाळा चालवल्या, शिक्षकांना शिकवलं, बुर्गडॉर्फच्या अनाथालयाचं काम बघितलं. त्याच्या हळूहळू लक्षात आलं की मूल सहा-सात वर्षांचं होऊन शाळेत येतं तोवर बरंच काही घडून गेलेलं असतं. त्याआधीच्या वर्षांकडे कुणाचंच लक्ष नाही. लहान मुलांना सांभाळण्याच्या जागा होत्या, पण तिथे सांभाळणं म्हणजे गप्प बसवणं किंवा मोठ्यांचे धडे पाठ करून घेणं. या वयातलं मूल सारखं खेळत असतं, तर खेळ हाच त्याचा अभ्यास का मानू नये? वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १८३७ साली, तो बाड ब्लांकेनबुर्गला आला आणि लहान मुलांच्या खेळाचं साहित्य बनवायला लागला. आपल्याकडे पंचावन्नाव्या वर्षी माणूस रिटायरमेंटची कागदपत्रं जमवायला लागतो!

दोन वर्षांत, १८३९ मध्ये, हेन्रिएट गेली. पण काम थांबलं नाही. २८ जून १८४० या दिवशी त्याने आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिलं.

पेटीतला खजिना

त्याच्या साहित्याला तो भेटी म्हणायचा, म्हणजे मुलाला दिलेल्या भेटवस्तू. त्यांचा क्रम बघा. हा क्रम म्हणजेच त्याचं विज्ञान.

पहिली भेट: लोकरीने विणलेले सहा रंगांचे सहा मऊ चेंडू, दोरीला बांधलेले. अगदी तान्ह्या बाळासाठी.

दुसरी भेट: लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल. गोल कसाही ठेवा, सारखाच दिसतो आणि घरंगळतो. घन जिथे ठेवाल तिथे बसतो. दंडगोल उभा केला तर बसतो, आडवा केला तर घरंगळतो, म्हणजे त्यात दोघांचेही गुण. खरी मजा पुढे आहे. घनाच्या एका बाजूच्या मधोमध दोरी बांधून गरगर फिरवला तर हवेत दंडगोल दिसतो. तोच कोपऱ्याला टांगून फिरवला तर वर-खाली शंकू आणि मध्ये आत दबलेली कंबर दिसते. या कमरेला आपण हायपरबोलॉइड म्हणतो. औष्णिक वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरचा आकार तोच! तीन वर्षांच्या पोराला यातलं एक नावही ठाऊक नसतं, पण त्याच्या डोळ्यांनी ते पाहिलेलं असतं. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला कोपऱ्यावर उभा असलेला घन काढताना आपल्या बॅचचे अर्धे लोक घामाघूम झाले होते. आपण कुणीच तो कधी हातात धरून फिरवला नव्हता, असं मला वाटतं.

तिसरी भेट: दोन इंची घन, एक-एक इंचाच्या आठ घनांत विभागलेला. चौथीत तोच दोन इंची घन, पण आठ विटांचा. प्रत्येक वीट दोन इंच लांब, एक इंच रुंद, अर्धा इंच जाड. दोन्हींचं एकूण आकारमान सारखं, पण घन रचले की भक्कम खांब होतात आणि विटा रचल्या की पातळ भिंती, कमानी, पूल होतात. पाचवीत तीन इंची घन: सत्तावीस लहान घन, त्यातले तीन तिरके कापून अर्धे केलेले आणि तीन चतकोर केलेले. एकूण तुकडे ३९. सहावीत विटांचा तसाच पसारा, ३६ तुकड्यांचा. त्यानंतर सपाट तुकडे, मग काड्या, मग बिंदू म्हणून बिया. घनाकृतीपासून पृष्ठभाग, पृष्ठभागापासून रेषा, रेषेपासून बिंदू. आपल्याला मात्र पुस्तकात आधी बिंदू, मग रेषा आणि शेवटी घनाकृती शिकवली. फ्रोबेलने ती शिडी उलटी लावली, कारण मुलाच्या हातात आधी चेंडू येतो, बिंदू नाही.

वापरायचे नियमही विचार करण्यासारखे आहेत. पेटी टेबलावर उपडी ठेवायची, झाकण सरकवून काढायचं आणि पेटी हळूच उचलायची. मुलाला आधी अखंड घन दिसला पाहिजे, तुकडे नंतर. काहीही बांधताना सगळे तुकडे वापरायचे. नवीन बांधायचं तर जुनं धाडकन पाडायचं नाही, एकेक तुकडा सरकवत खुर्चीचा पलंग करायचा आणि पलंगाचा जिना. शेवटी सगळं जुळवून घन पेटीत परत. टेबलावर एक-एक इंचाचे चौकोन आखलेले असायचे, म्हणजे मूल ग्राफ पेपरवरच खेळायचं म्हणा ना!

यातून मूल तीन प्रकारच्या रचना करी. घर, पूल, विहीर अशा रोजच्या जगण्यातल्या. अर्धे, पाव, दुप्पट दाखवणाऱ्या गणिताच्या. आणि मध्यबिंदूभोवती नक्षी करणाऱ्या, ज्यांत आपण शिकतो ती सिमेट्री असते. यांच्या जोडीला कागदाच्या घड्या, विणकाम, माती हे हातांचे उद्योग. त्यातला एक मला फार आवडतो. वाळलेले वाटाणे भिजवायचे. ते मऊ झाले की त्यांत बारीक काड्या खुपसून चौकटी करायच्या. वाटाणा सुकताना आकसतो आणि काडी घट्ट धरून ठेवतो, सांधा तयार! काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. स्ट्रक्चरल मेकॅनिक्सच्या ट्रसचा सगळा धडा एका वाटीत भिजलेला आहे.

आणि या सगळ्यात विज्ञान हा शब्द मुलासमोर एकदाही काढायचा नाही!

अंगणवाडीतली गोष्ट

माझी आई आमच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. वजनं घ्यायची, आहार द्यायचा, लसीकरणाला बायकांना बोलवायचं आणि वर मोबाईलवर माहिती भरायची, यातून उरलेल्या वेळात पोरांना शिकवायचं. मध्यंतरी एका देणगीदार संस्थेने टीव्ही दिला. इंग्रजी कविता, ग्रहांची नावं, रोबोटचं कार्टून असं सगळं त्यात होतं. पोरं चार दिवस आ वासून बसली. मग वीज जायला लागली आणि टीव्हीवर टॉवेल पडला. गेल्या सुट्टीत मी तिथे तासभर बसलो होतो. एका कोपऱ्यात आईने रिकाम्या काड्यापेट्यांचा डबा ठेवलाय. चारेक वर्षांची एक मुलगी त्यांचा मनोरा रचत होती. पेट्या उभ्या ठेवल्या की मनोरा उंच व्हायचा पण पडायचा, आडव्या ठेवल्या की टिकायचा पण बुटका राहायचा. कितीतरी वेळा पडल्यावर तिने खाली आडव्या आणि वर उभ्या ठेवल्या. टाळी वाजवली नाही, कुणाला दाखवलं नाही, लगेच पुढची पेटी उचलली. पाया रुंद असावा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते आता तिचं स्वतःचं झालं.

टीव्ही वाईट असं माझं म्हणणं नाही. पण तंत्रज्ञान म्हणजे वायर असलेली वस्तू, हा आपला समज जरा तपासायला हवा. आठ सारख्या तुकड्यांत अचूक कापलेला घन हेही तंत्रज्ञानच आहे. आणि ग्रहांची नावं पाठ असणं हे चार वर्षांच्या मुलाचं विज्ञान नव्हे. करून बघणं, पडणं, बदलून बघणं हे त्याचं विज्ञान. फ्रोबेलची पेटी मुलाला माहिती देत नाही. ती प्रश्न देते आणि उत्तर चुकलं की मनोरा पाडून लगेच सांगते.

बंदी

शेवटची वर्षं फ्रोबेलने एक काम धरून ठेवलं. लहान मुलांना शिकवणं हे शास्त्र आहे आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण हवं, हे त्याने मांडलं. त्यासाठी त्याने तरुण मुलींना पुढे आणलं, ज्या काळात त्यांना विद्यापीठाचं दार बंद होतं. अनेकांना हे हास्यास्पद वाटायचं. साठी उलटलेला माणूस पोरांबरोबर गोल धरून गाणी म्हणतो, म्हणून लोक हसायचे. १८४९ साली बेर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या सरदार घराण्यातल्या बाईने त्याचं काम पाहिलं आणि ती कायमची त्याच्या बाजूने उभी राहिली. १८५१ साली त्याने आपली विद्यार्थिनी लुईझ लेव्हिन हिच्याशी लग्न केलं.

त्याच वर्षी, ७ ऑगस्ट १८५१ रोजी, प्रशियाचे मंत्री कार्ल फॉन राउमर यांनी आपल्या राज्यात किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप काय, तर इथे नास्तिकता आणि समाजवाद शिकवतात! फ्रोबेलच्या एका पुतण्याने, कार्लने, याच विषयावर पुस्तिका लिहिली होती. त्याचे विचार काकाच्या माथी मारले गेले. आयुष्यभर देवाचं नाव घेत चेंडू विणणाऱ्या माणसावर नास्तिकतेचा शिक्का! त्याने खुलासे पाठवले, फेरविचाराची विनंती केली. काही उपयोग झाला नाही. २१ जून १८५२ रोजी मारिएनथालला तो गेला तेव्हा बंदी तशीच होती. ती उठायला १८६० साल उजाडलं. श्वाइना गावी त्याच्या थडग्यावर दगडात घन, दंडगोल आणि गोल एकावर एक रचलेले आहेत. दुसरी भेट!

बंदीचा परिणाम उलटाच झाला. त्याच्या विद्यार्थिनी आणि अनुयायी देशोदेशी गेल्या. १८५६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला मार्गारेट शुर्त्स यांनी जर्मन बोलणाऱ्या मुलांसाठी किंडरगार्टन काढलं. १८७६ साली टोकियोत सुरू झालं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात एका आईने फ्रोबेलच्या भेटी पाहिल्या आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी आणल्या. तो मुलगा फ्रँक लॉइड राइट. ते ठोकळे आपल्या बोटांत कायमचे राहिले असं त्याने म्हातारपणीही लिहून ठेवलं. दुसरा मुलगा बकमिन्स्टर फुलर. त्याची नजर इतकी कमजोर होती की त्याला जवळचं धड दिसत नसे. किंडरगार्टनमध्ये वाटाणे आणि काड्या हातात आल्यावर इतर मुलांनी चौकोनी घरं केली, याने हाताने चाचपडत जे डळमळत नाही ते शोधलं आणि त्रिकोण केले. जिओडेसिक डोमसाठी जग त्याला ओळखतं.

सगळं गोडच झालं असंही नाही. पुढच्या लोकांनी या भेटींचा कर्मकांडासारखा वापर केला. बाईंनी हुकूम द्यायचा आणि सगळ्या मुलांनी एकदम तोच ठोकळा उचलायचा. खेळाचीच परेड झाली! माँटेसरी, ड्युई यांनी यावर टीका केली आणि ती बरोबर होती. साहित्य कितीही उत्तम असलं तरी मुलाला मोकळं सोडलं नाही तर ते नुसतं लाकूड राहतं.

आपल्याकडे

महाराष्ट्रात बालशिक्षणाची वाट बरीचशी माँटेसरींच्या मार्गाने आली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं यांतून साहित्य उभं केलं आणि मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द देशभर गेला तो १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आणि २०२३ साली एनसीईआरटीने जादुई पिटारा नावाची खेळण्यांची पेटी काढली.

आणि वाटाणे-काड्या? आयआयटी कानपूरचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या घेऊन तसेच त्रिकोण, चौकोन आणि घन हजारो मुलांच्या हातांत दिले. पुण्याच्या आयुकातही त्यांनी अनेक वर्षं हेच केलं. वाटाण्याच्या जागी रबर, एवढाच फरक. म्हणजे इंजिनिअरने हे काम करावं यात नवल काही नाही.

आता माझी एक सूचना, वर्कशॉपच्या सरांना आणि एन. एस. एस. च्या मित्रांना. दरवर्षी फर्स्ट इयरचे सगळे सुतारकामात हाफ लॅप जॉईंट करतात. मार्क मिळाले की तो जॉब भंगारात जातो. त्याऐवजी किंवा त्याबरोबर आपण फ्रोबेलची तिसरी आणि पाचवी भेट करून बघूया. सोपं वाटतंय ना? पण तीन घन ओळीत ठेवले आणि प्रत्येकात एक मिलिमीटरचा फरक राहिला, तर तीन मिलिमीटर वाढतात आणि पेटीचं झाकण लागत नाही. टॉलरन्स म्हणजे काय हे व्हायव्हात सांगण्यापेक्षा इथे नीट कळेल. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करायच्या, रंग लावायचा नाही, आणि एन. एस. एस. च्या शिबिराला ज्या गावी जाऊ तिथल्या अंगणवाडीत पेट्या द्यायच्या. द्यायच्या म्हणजे हार घालून फोटो काढून निघायचं नाही. तासभर खाली सतरंजीवर बसायचं, पेटी उपडी करून हळूच उचलायची आणि मग आपण काही बोलायचं नाही. पोरं काय करतात ते फक्त बघायचं.

कोणाची तयारी असेल तर मला रूमवर येऊन भेटा. लाकूड मी बघून ठेवलंय, करवत मात्र वर्कशॉपची लागेल.